भरलेल्या मोटरहोमचं वजन आणि टायरमधली हवा : एका गाडीची पूर्ण केस

ओळखीतलं एक जोडपं आहे, आम्ही त्यांना दादा-वहिनी म्हणतो, त्यांच्याकडे मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी आहे आणि बरेच दिवस दादांची एकच तक्रार चालू होती की गाडी पुढून दणके मारते, स्टेअरिंग सारखं सावरत बसावं लागतं आणि बाजूने मोठा ट्रक गेला की गाडी हलते. गाडी व्हॅनच्या चॅसिसवर बांधलेली आहे, पुढे दोन चाकं, मागे दोन्ही बाजूला डबल टायर म्हणजे एकूण सहा. टायर एलटी २२५/७५ आर १६, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा कोड, एकटा/जोडीत) ११५/११२. ही पूर्ण केस लिहून ठेवतोय कारण ह्यातले आकडे बघितले की हवेचा प्रश्न किती वेळा खरं तर वजनाचा प्रश्न असतो ते नीट कळतं.

हवा किती भरायची ह्याचे दादांना सल्ले तीन मिळाले होते (आकडे सगळे पीएसआयमध्ये, ते हवेचा दाब मोजायचं एकक). एकाने सांगितलं टायरवर ८० लिहिलंय ना, मग सहाही टायरमध्ये ८० भरा आणि विसरून जा. दुसऱ्याने सांगितलं पुढे ५५ वर आणा, गाडी मऊ चालेल. तिसरा म्हणजे गाडीच्या दारावरचा स्टिकर, त्यावर पुढे ७५ आणि मागे ८०. दादांनी पहिला सल्ला मानला होता आणि गाडी तशीच चालू होती.

टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, नेमकं काय लिहिलंय ते आधी बघू. त्यावर म्हटलंय की हा टायर एकटा असेल तर जास्तीत जास्त १,२१५ किलो पेलेल, जोडीत असेल तर १,१२० किलो, आणि दोन्ही वेळेला हवा ८० पीएसआय, टायर थंड असताना. म्हणजे ८० हा आकडा त्या पूर्ण वजनासाठी आहे, तुमच्या गाडीचं वजन काय आहे हे टायर बनवणाऱ्याला माहीत असायचं कारणच नाही. वजन पेलते ती हवा, टायर हा त्या हवेभोवतीचा मजबूत डबा. वजन कमी असेल तर कमी हवेतही टायर हवा तेवढाच चपटा होतो, वजन जास्त असेल तर जास्त हवा लागते, आणि कोणत्या वजनाला कमीत कमी किती हवा ह्याचा तक्ता प्रत्येक टायर कंपनी देते. ह्या मापाच्या टायरचे कामाचे आकडे असे : पुढे एकट्या टायरला ६० पीएसआयवर साधारण ९९३ किलो, ६५ वर १,०६०, ७० वर १,१०७, ७५ वर १,१६१, ८० वर १,२१५. मागे जोडीतल्या प्रत्येक टायरला ७० वर १,००७, ७५ वर १,०५७ आणि ८० वर १,१२०. जोडीतला आकडा मुद्दाम कमी धरलेला असतो कारण रस्ता सपाट नसतो, दोन टायरमधला एक कायम थोडं जास्त ओझं घेतो.

आणि ५५ वाला सल्ला. तक्त्यात ५५ वर पुढचा टायर जेमतेम ९३५ किलो पेलतो. वजन न करता तिथे जाणं म्हणजे अंदाजपंचे जुगार. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने जवळपास ६५ लाख टायर परत मागवले ते प्रकरण आठवत असेल, त्यात फोर्ड एक्सप्लोररसाठी सांगितलेली २६ पीएसआय हवा हा मोठा वादाचा मुद्दा होता, टायर कंपनीचं म्हणणं होतं की ३० हवी. कमी हवेत साइडवॉल दर फेरीला जास्त वाकते, वाकली की गरम होते, आणि उष्णतेने रबराचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. मऊ चालणारी गाडी बसणाऱ्याला बरी वाटते, तो टायर आत मरत असतो.

गाडीचं वजन करायला वजनकाट्यावर जायचं, पण त्याच्या आधी सकाळी उन्हं यायच्या आत सगळ्या टायरची हवा मोजायची असं ठरलं. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, आणि उन्हात नाही. एका बाजूवर ऊन पडत असेल तर त्या बाजूचे टायर जास्त दाखवतात आणि मग माणूस बरोबर असलेल्या टायरमधून हवा काढून टाकतो. पुढचे दोन ८१ आणि ८०. मागे उजवीकडे बाहेरचा ८०, आतला ७८. मागे डावीकडे बाहेरचा ८२. मागे डावीकडे आतला, ५८.

गेज खोटं बोलतंय का म्हणून दुसरं गेज लावलं, तेही ५८. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून त्याला लवचीक नळीचं एक्स्टेन्शन जोडलेलं असतं, ते बाहेरच्या रिमच्या भोकातून पुढे येतं. त्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावलं तर अगदी बारीक, मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग यायला लागले, सावकाश, पण थांबेनात. नळी रिमला नीट बांधलेली नव्हती, चालताना हलून हलून जोड ढिला झाला होता. दादा हवा तपासायचे, पण बाहेरच्याच टायरची. आतल्याची टोपी काढायला हात वाकडा करून घालावा लागतो, म्हणून बहुतेक लोक सोडून देतात, आणि नेमका हाच टायर डोळ्यांनी बघूनही कळत नाही कारण बाहेरचा टायर त्याला उचलून धरतो. पायाने लाथ मारून अंदाज घेणं तर इथे पूर्ण निरुपयोगी, ५८ चा टायरही दगडासारखाच लागतो.

व्यावसायिक गाड्यांच्या टायरच्या धंद्यात एक नियम पाळतात की ठरलेल्या हवेपेक्षा २० टक्के किंवा जास्त कमी हवेवर चाललेला टायर हा बसलेला टायर समजायचा, त्यात नुसती हवा भरून पुढे जायचं नाही, रिमवरून उतरवून आतून तपासायचं. ८० चे २० टक्के म्हणजे १६, म्हणजे ६४ ही रेषा, हा तर ५८ वर होता. टायरवाल्याला जागेवर बोलावलं. टायर उतरवला आणि आत हात फिरवला तर बोटांना रबराचा काळा भुगा लागला, साइडवॉलच्या आतल्या बाजूने गोल सुरकुत्यांचा पट्टा पडला होता. बाहेरून तोच टायर एकदम नवा दिसत होता, नक्षी खोल, कुठे चीर नाही. वहिनी तिथेच उभ्या होत्या, त्यांनी तो पट्टा स्वतः बोटाने चाचपून बघितला आणि म्हणाल्या, "हे आपण अख्ख्या घाटभर घेऊन फिरलो?" हो, फिरले होते, आणि त्याच्या शेजारचा बाहेरचा टायर तेवढा वेळ दोघांचं बरंचसं ओझं एकटा वाहत होता, म्हणून तोही उतरवून बघितला, तो सुदैवाने चांगला निघाला.

आतल्या टायरच्या जागी गाडीवरचा स्पेअर बसवला. जोडीत टायर घालताना दोघांच्या व्यासात ह्या मापाला साधारण ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर ओझं घेतो आणि लहान टायर घसटत जातो. टेपने दोन्हीचा घेर मोजून बघितला, चाललं. स्पेअरवरचा तारखेचा कोडही वाचला, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३२२१ असेल तर २०२१ चा ३२वा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, त्यामुळे नक्षी बघून निर्णय घेऊ नये. नळीवाली एक्स्टेन्शन काढून टाकून धातूचे लांब वाकडे व्हॉल्व्ह बसवले. साधे ओढून बसवायचे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात, ८० च्या टायरला ते चालतच नाहीत, हे टायर बदलताना विचारून घ्यायला हवं कारण कामाच्या घाईत कोणीही हाताला लागेल तो व्हॉल्व्ह ठोकून देतो.

मग वजन. सगळं भरून करायचं असं दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे रिकामी नेऊ ना, पटकन होईल." रिकाम्या गाडीचं वजन कळून काय उपयोग, टायर भरलेली गाडी वाहतात. म्हणून जशी गाडी सहलीला निघते तशी : पाण्याची टाकी पूर्ण, १५० लिटर म्हणजे १५० किलो. पेट्रोलची टाकी पूर्ण, २०० लिटर, पण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलो धरा, म्हणजे १५० च्या आसपास. गॅस, भांडी, अंथरुणं, कपडे, खुर्च्या, हत्यारांची पेटी, मागच्या रॅकवर दोन इलेक्ट्रिक सायकली. वहिनींनी तर फडताळातले डबेसुद्धा भरले. आणि दोघं आपापल्या सीटवर बसलेले. हे महत्त्वाचं आहे कारण काट्यावर गेल्यावर माणसं पावती घ्यायला खाली उतरतात. दोघांचे मिळून १५० किलो, सीट पुढच्या एक्सलच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) जवळ, म्हणजे त्यातले १२० च्या वर किलो पुढच्या एक्सलवर असतात, दोघं उतरले की पुढचा आकडा तेवढा खोटा येतो.

ट्रकच्या वजनकाट्यावर साधारणपणे अख्ख्या गाडीचं एकच वजन करतात. काटेवाल्याला आधी समजावून सांगावं लागतं, गर्दी नसलेली वेळ बघून गेलं की तो मदत करतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं अधिक मागचं ही बेरीज पूर्ण वजनाशी जुळली पाहिजे, दहा-वीस किलोचा फरक काट्याच्या पायरीमुळे येतो, तो चालतो. नंतर गाडी अशी घ्यायची की एका बाजूचीच चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बाहेर जमिनीवर, आणि परत पुढची, मागची. ह्यात एक अट आहे, बाहेरची जमीन काट्याच्या पातळीत हवी. दोन्हीत उंचीचा फरक असेल तर गाडी कलते, वजन खालच्या बाजूकडे सरकतं आणि आकडे फसवतात. खात्री करायची सोपी रीत म्हणजे डावी बाजू वेगळी आणि उजवी बाजू वेगळी मोजून बेरीज पूर्ण वजनाशी ताडून बघायची. इथे फरक २० किलोचा आला, म्हणजे विश्वास ठेवण्यासारखं. काटा पुरेसा रुंद नसेल किंवा बाजूला कठडा असेल तर हे जमत नाही, मग प्रत्येक चाकाखाली ठेवायचे सुटे काटे वापरणारा माणूस शोधावा लागतो, आणि खरं सांगायचं तर तीच पद्धत जास्त चांगली आहे.

आकडे आले ते असे. पूर्ण गाडी ६,४२० किलो. गाडीची कमाल मर्यादा ६,५७७. दादांचा चेहरा फुलला, दीडशे किलो शिल्लक! पण पुढचा एक्सल २,०१० आणि मागचा ४,४१०. पुढची मर्यादा २,२६८, तिथे भरपूर जागा. मागची मर्यादा ४,३५४, म्हणजे मागे ५६ किलो जास्त. आणि बाजू वेगळ्या केल्यावर खरी गोष्ट समोर आली : पुढे डावीकडे ९८५, उजवीकडे १,०२५. मागे डावीकडे २,२९०, उजवीकडे २,१२०.

मागे डावीकडचे २,२९० दोन टायरवर वाटले की प्रत्येकी १,१४५. टायरची जोडीतली कमाल क्षमता ८० पीएसआयवर १,१२०. म्हणजे डाव्या बाजूचे दोन्ही टायर पूर्ण हवा असतानाही क्षमतेच्या वर चालत होते, आणि त्यातल्या एकात ५८ होती. नुसतं अख्ख्या गाडीचं वजन करून घरी आलो असतो तर सगळं आलबेल वाटलं असतं. नुसतं एक्सलचं केलं असतं तर मागचे ४,४१० भागिले चार, १,१०२ प्रत्येकी, म्हणजे टायरच्या हिशेबात तरी बसतंय असं वाटलं असतं. गडबड बाजू वेगळ्या केल्यावरच दिसली. मोटरहोममध्ये हे अगदी सहज होतं, फ्रिज, कपाट, बॅटऱ्या, जनरेटर हे सगळं बांधणाऱ्याच्या सोयीने एका बाजूला जातं आणि उरलेल्या खणात आपण सामान भरतो तेही जिथे दार मोठं तिथे.

इथे दादांनी सहज विचारलं, "मग डावीकडे ८५ भरू का?" नाही. टायरची क्षमता ८० वर संपते, त्यापुढे हवा वाढवून वजन पेलायची ताकद वाढत नाही, शिवाय रिमची आणि व्हॉल्व्हचीही स्वतःची मर्यादा असते. आणि एका एक्सलवर दोन्ही बाजूंना हवा सारखीच ठेवायची असते, जड बाजू बघून ठरवायची आणि हलक्या बाजूलाही तीच द्यायची, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. हवेने सुटणारा हा प्रश्न नव्हता. वजन हलवायचं किंवा उतरवायचं, दुसरा मार्ग नाही.

कुठून हलवायचं ते समजायला तरफेचा हिशेब करावा लागतो, अवघड नाहीये. ह्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर ४ मीटर. मागच्या एक्सलच्या मागे जे काही लटकतं ते सी-सॉसारखं पुढचं टोक उचलतं. सायकली आणि रॅक मिळून ७८ किलो, मागच्या एक्सलपासून २.६ मीटर मागे. ७८ गुणिले ६.६ भागिले ४, म्हणजे मागच्या एक्सलवर १२९ किलो पडतात, आणि पुढच्यावरून ५१ किलो उचलले जातात. सायकली वजनाला ७८, पण मागच्या टायरला त्या १२९ लागतात. दादांची स्टेअरिंगची तक्रार बऱ्याच अंशी इथेच होती, पुढचा एक्सल हलका झाला होता आणि त्यात गरजेपेक्षा खूप जास्त हवा, त्यामुळे टायर रस्त्याला कमी टेकत होता, दणके मारत होता आणि वाऱ्याने भरकटत होता.

सायकली सोडायला वहिनी तयार नव्हत्या, आणि ते बरोबरच आहे, ज्यासाठी फिरायचं तेच घरी ठेवून काय करायचं. मग पाणी. टाकी पलंगाखाली, मागच्या एक्सलच्या साधारण १ मीटर मागे, थोडी डावीकडे. निघताना १५० ऐवजी ५० लिटर घ्यायचं, मुक्कामाला पाणी मिळतंच. १०० किलो कमी झाले की मागे १२५ कमी आणि पुढे २५ जास्त. मग हत्यारांची पेटी, जॅक, सुट्या भागांचा डबा मिळून ६० किलो, हे डाव्या बाजूच्या सगळ्यात मागच्या खणात होतं, एक्सलच्या दीड मीटर मागे. ते उजवीकडच्या मधल्या खणात आणलं, मागच्या एक्सलच्या १ मीटर पुढे. एक किलोसुद्धा उतरवला नाही पण मागच्या एक्सलवरचे ३७ किलो पुढे गेले आणि डावीकडून जवळपास ८० किलो निघाले. सांडपाण्याची टाकी सुदैवाने दोन एक्सलच्या मध्ये आहे, त्यामुळे वापरलेलं पाणी तिथे साठलं तरी मागे भार वाढत नाही. ज्यांच्या गाडीत ती टाकी अगदी मागे आहे त्यांनी हा हिशेब नक्की करावा, पाणी वापरलं म्हणजे वजन गेलं असं होत नाही, ते जागा बदलतं.

कागदावरचा हिशेब खरा धरायचा नाही म्हणून परत काट्यावर नेली. पूर्ण ६,३२०. पुढे २,०७०, मागे ४,२५०. पुढे डावीकडे १,०२५, उजवीकडे १,०४५. मागे डावीकडे २,१४०, उजवीकडे २,११०. मागचा एक्सल मर्यादेच्या १०४ किलो आत, आणि डावी-उजवीतला फरक १७० वरून ३० वर आला.

आता कुठे हवेचा निर्णय. मागे जड बाजू २,१४० म्हणजे टायरला १,०७०. तक्त्यात ७५ वर १,०५७, पुरत नाही, म्हणून ८०. म्हणजे मागची हवा आधीही ८० ठरलेली होती आणि आताही ८०, फक्त आता ती पुरते, टायरमागे ५० किलो शिल्लक राहून. पुढे जड बाजू १,०४५. तक्त्यात ६५ वर १,०६०, जेमतेम पुरतं. जेमतेमवर चालवू नये, सामान कमीजास्त होतं, रात्रीतून थंडी पडते, गेजही एक-दोनने चुकतं, त्यामुळे मी पुढे ५ वाढवून घ्या म्हणालो, ७०. आधीच्या ८० पेक्षा १० कमी, स्टिकरच्या ७५ पेक्षा ५ कमी, आणि हे स्टिकरच्या खाली जाणं फक्त चारही कोपऱ्यांचं वजन हातात असल्यामुळे. ज्यांनी वजन केलेलं नाही त्यांनी स्टिकर पाळावा असंच माझं मत आहे, तो एक्सलची पूर्ण मर्यादा धरून काढलेला असतो. ह्याच गाडीचं बघा, पुढची मर्यादा २,२६८, चाकाला १,१३४, तक्त्यात ७५ वर १,१६१, बरोबर बसतं. पण टायरचं माप बदललेलं असेल किंवा एक्सल ओव्हरलोड असेल तर स्टिकरही वाचवत नाही. आणि तक्ता वाचताना एक बघायचं, काही कंपन्या जोडटायरचा आकडा एका टायरचा देतात आणि काही दोन्ही मिळून एका बाजूचा, हे उलटसुलट झालं तर हिशेब दुप्पट किंवा निम्मा होतो.

पहिल्याच फेरीत दादांचा फोन आला की पुढचे टायर ७० चे ७९ झालेत, काढू का हवा? काढायची नाही. चालल्यावर टायर तापतो आणि हवा वाढते, तक्त्यातले आकडे हे सगळं धरून थंड टायरचे दिलेले असतात. गरम टायरमधून काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो ६१-६२ वर सापडेल. बाहेरच्या हवेचंही तसंच, ८० च्या टायरला तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण ३ पीएसआय कमी होतात. छोट्या गाडीसाठी सांगितलेला "दर पाच-सहा अंशाला एक" हा ठोकताळा इथे कमी पडतो कारण मुळात दाबच मोठा आहे. घाट चढून वर गेलो तर काय, हे वहिनींनी विचारलं होतं, चांगला प्रश्न आहे. हजार मीटर चढलं की बाहेरचा दाब दीड-पावणेदोन पीएसआयने कमी होतो म्हणून गेज तेवढं जास्त दाखवतं, पण तिथे हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड असते म्हणून दोनेक कमी होतात, दोन्ही मिळून फरक जवळपास उरत नाही. मुक्कामी रात्र काढली की सकाळी तिथेच मोजायची, जी दिसेल ती खरी.

सहाही व्हॉल्व्हवर दाब दाखवणारे सेन्सर बसवले. बऱ्याच सेन्सरचा अलार्म आपण काही बदललं नाही तर २० ते २५ टक्के हवा गेल्यावर वाजतो, आणि २० टक्क्यांना तर टायर बसलेला समजायचा, मग वाजून उपयोग काय. अलार्म वजनाच्या हिशेबाने लावला. मागे १,०७० किलोला कमीत कमी ७६ लागते, तर ७६ वर. पुढे १,०४५ ला ६४, तर ६४ वर. मागे ह्यामुळे कधीकधी कडाक्याच्या थंडीत सकाळी अलार्म वाजेल, वाजू दे, तेव्हा खरंच हवा भरायची गरज असते. त्यासाठी ८० पर्यंत खरोखर भरणारा पंप गाडीत ठेवला, कारण छोट्या गाडीचे बरेच पंप साठ-पासष्टच्या पुढे नुसते घरघर करतात. सेन्सर आले तरी साबणाचं पाणी आणि गेज गाडीतच आहे, आणि आतल्या टायरची टोपी वहिनी स्वतः काढून बघतात.

गाडी कशी चालते? दणके कमी झाले, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग आधीइतकं सावरावं लागत नाही, मोठा ट्रक बाजूने गेला की अजूनही हलते पण दादा म्हणतात पकड कळते. पुढे फार काही वजन वाढलेलं नाही, साठ किलो, एकूण वजनाच्या ३१ टक्क्यांवरून पुढचा वाटा ३३ च्या जवळ गेला, पण टायर पूर्ण टेकतोय हा मोठा भाग आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. पाणी न मिळणाऱ्या जागी जायचं असेल तर टाकी पूर्ण हवी, म्हणजे मागे परत १२५ किलो, ४,२५० चे ४,३७५, मर्यादेच्या २१ किलो वर. टायर पेलतील, डावीकडे प्रत्येक टायरवर १,१०७ येतं, पण एक्सल नाही. तूर्त त्यांनी ठरवलंय की पूर्ण पाणी असेल तेव्हा सायकली घरी. पण मागच्या डाव्या खणात दोन लेड ॲसिड बॅटऱ्या आहेत, प्रत्येकी ३० किलोच्या, एक्सलच्या १.२ मीटर मागे. त्याच क्षमतेच्या लिथियम बॅटऱ्या प्रत्येकी १२ किलोच्या आसपास येतात, म्हणजे ३६ किलो वाचतात आणि मागच्या एक्सलवरून ४७ च्या आसपास जातात. मग पूर्ण पाणी आणि सायकली दोन्ही घेऊन ४,३२८, मर्यादेच्या आत, अगदी थोडं पण आत. त्यासाठी चार्जर बदलावा लागेल, त्याची चौकशी दादा करतायत, आणि बॅटऱ्या बसल्या की टाकी काठोकाठ भरून, सायकली लावून, दोघं सीटवर बसून परत काट्यावर जायचं ठरलंय.